मानसशास्त्राच्या मॅडम पळाल्या

रोह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अठरा वर्षं मानसशास्त्र शिकवते आहे. घर पेणला. सकाळी एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने परत. माणूस असा का वागतो, हा माझा दरवर्षीचा आवडता धडा. त्या दिवशी बारावीला तोच चालला होता.

वर्तनवादी म्हणतात, माणूस सवयींनी घडतो. घंटा वाजली की जेवण मिळतं, हे पुन्हा पुन्हा घडलं की पुढे नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मनोविश्लेषणवाल्यांना हे पटत नाही. खरी कारणं मनाच्या तळाशी, लहानपणात दडलेली असतात असं त्यांचं म्हणणं. मी फळ्याकडे वळून तिसरा मथळा लिहीत होते, ‘मानवतावाद’, आणि धाटावच्या कारखान्यांच्या बाजूने भोंगा वाजायला लागला.

शिफ्टचा भोंगा आमच्या कानाला रोजचा. हा मात्र थांबेना. पाठोपाठ खिडकीतून घशाला झोंबणारा वास आला. कोणीतरी ओरडलं, “गॅस!”

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. जिन्याचा कठडा. फाटक. चपलेचा तुटलेला अंगठा. मग एसटीची खिडकी, बाहेर भाताची खाचरं, आणि समोर उभा असलेला कंडक्टर.

“ताई, तिकीट? कुठं जायचंय?”

गाडी नागोठण्याला आली होती. माझ्याकडे पर्स नव्हती, फोन नव्हता. उजव्या मुठीत खडू होता, घामाने ओला झालेला. मी त्या खडूकडे बघत राहिले आणि एकदम लख्ख कळलं, की दुसऱ्या मजल्यावर मी बत्तीस मुलं सोडून आले आहे. त्यातल्या एकाच्या पायाला प्लास्टर होतं. “पळा” एवढा शब्दही मी उच्चारला नव्हता.

कंडक्टरच्या फोनवरून नवऱ्याला फोन लावला. तोंडपाठ नंबर तेवढा एकच होता.

“अगं, आहेस कुठं तू?” तो म्हणाला. “कॉलेजातून दोनदा फोन आला. तुझी पर्स वर्गात सापडली म्हणे.”

“मुलं?”

“सगळी बरी आहेत. कुठल्याशा कंपनीत थोडी गळती झाली होती, आटोक्यात आली. पण तू कुठं आहेस?”

“नागोठण्याला. एसटीत,” मी म्हटलं. मुलं बरी आहेत हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी आतून गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “गोंधळात कोणाच्या लक्षात आलं नाही, मॅडम. सोडून द्या.” पण बत्तीस जणांनी पाहिलं होतं. मी वर्गात शिरले तेव्हा नेहमीसारखा बाकांचा आवाज झाला नाही. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर असलेल्या माणसाची. वर्षभरात दोनदाच बोलली असेल. प्राचार्यांकडून मला कळलं होतं, की तिनेच सगळ्यांना ओळीने खाली उतरवलं. प्लास्टरवाल्याला दोघांच्या खांद्यावर दिलं. वारा कुठून येतो ते आधी पाहिलं आणि वर्गाला त्याच्या आडव्या दिशेने, नदीच्या अंगाला नेलं.

मी म्हटलं, “काल मी पळाले. तुम्हाला टाकून. माझी चूक झाली. त्याला दुसरा शब्द नाही.”

प्लास्टरवाला मुलगाच म्हणाला, “मॅडम, धडा अर्धा राहिलाय. उदाहरण तुमचं घेऊ का?”

काही जण हसले आणि लगेच वह्या उघडू लागले. मी म्हटलं, “घ्या.”

आणि त्यांनी खरंच घेतलं. एकाने विचारलं, “भोंगा वाजला की पळायची सवय होती का?” नव्हती. दुसरी म्हणाली, “लहानपणी काही झालं होतं?” झालं होतं. माझं माहेर नागोठण्याचं. मी सात वर्षांची असताना अंबा नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं. आई ओरडली होती, “मागं बघू नको गो, पळ!” मी पळाले, सगळेच वाचलो. हे ऐकून वर्गाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, कारण सापडलं म्हणून. मला ती सुटका नको होती. त्याच घरात, त्याच पाण्यात माझी धाकटी बहीणही होती, आणि ती आज दवाखान्यात परिचारिका आहे. रुग्णाला सोडून ती कधी हललेली नाही.

“मग तू का नाही पळालीस?” मी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला विचारलं.

ती उभी राहिली. “मला भीती वाटली, मॅडम. पण बाबांनी घरी शिकवलंय. वास आला की आधी वारा बघायचा, मग माणसं मोजायची. मी मोजत होते.” मग म्हणाली, “बत्तीसच भरत होती. तुम्हाला धरून तेहतीस हवी होती. मी तुम्हाला शोधायला परत वर गेले होते.”

एवढं ऐकल्यावर मी खुर्चीत बसले. ती माझ्यासाठी त्या वासात पुन्हा जिना चढली होती.

आठवड्याने तिचे वडील आले. पहिली पाळी संपवून थेट, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. मला वाटलं, जाब विचारायला आलेत. मी स्टाफरूममध्ये उभीच राहिले.

“बसा हो, मॅडम,” ते म्हणाले. “पोरीनं सांगितलं सगळं. म्हंजे तुमचं वर्गातलं बोलणं. मी बी पळालोय एकदा. नवीन लागलेलो. गळती झाली, पाळीतला जोडीदार आत व्हता, मी गेटबाहेर. घरी कुणाला सांगितलं नाय आजवर. पोरीला पण नाय.”

“ते वाचले?”

“व्हय. छातीचा त्रास ऱ्हायला त्याला.” त्यांनी टेबलावरचा माझा पेला उगाच सरकवला. “तुम्ही ह्येच शिकवता ना? सांगा, मी का पळालो?”

मी त्यांना चारही मतं सांगितली. वर्गात राहून गेलेलं चौथंही, की संकटाचा अर्थ आपण मनात कसा लावतो त्यावर वागणं ठरतं. त्यांनी एकेक नीट ऐकून घेतलं. कुत्र्याचं त्यांना पटलं नाही, लहानपणाचं थोडं पटलं.

मग म्हणाले, “तो जोडीदार दर दिवाळीला घरी येतो माझ्या. फराळ करतो, हसतो, जातो. माझ्यावर राग नाय त्याचा. ते यातल्या कशात बसतं?”

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

त्या शनिवारी मी त्यांना वर्गात बोलावलं. रुमाल वर धरून वारा कसा ओळखायचा, ओलं फडकं नाकावर कसं बांधायचं, माणसं कशी मोजायची, सगळं त्यांनी करून दाखवलं. मी शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसले होते. मोजायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी मध्येच आकडा चुकले. त्यांची मुलगी पुढून म्हणाली, “सावकाश, मॅडम.” मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.