उस्मानभाईंचा बर्फाचा सूट

उस्मानभाईंनी माझ्या नव्या बुटात पाणी ओतलं, तेव्हा आमची धड ओळखही झालेली नव्हती. सौदीतल्या तबूकच्या कॅम्पात मी आदल्या दिवशीच आलो होतो. दारात बूट काढून ठेवले आणि चहा घेऊन परत येतो, तो एक उंच, पांढऱ्या दाढीचा, चौकड्याची लुंगी नेसलेला माणूस उकिडवा बसून मगाने माझ्या बुटात पाणी भरतोय. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "दुकानदार वॉटरप्रूफ बोलला?" मी हो म्हणालो. "मग बघूया ना, खरा बोलला काय." थोड्या वेळात टाचेजवळून एक बारीक ओघळ निघाला. त्यांनी खिशातून खडू काढला, ओघळाभोवती गोल केला आणि बूट माझ्या हातात दिला. "हितं फेल हाय. बाकी बूट चांगला. मी उस्मान, दापोलीकडचा. जेवलास काय?"

त्यांचा धंदाच तो होता. पाइपलाइन जोडून झाली की तिच्यात पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा, आणि तो दाब ठरल्या वेळेपर्यंत टिकतो का, कुठल्या जोडातून थेंब येतो का, ते बघायचं. याला हायड्रोटेस्ट म्हणतात. उस्मानभाई त्या टोळीचे फोरमन. आधी जुबैलला आणि मग तबूकला, उभी हयात त्यांनी वाळवंटात पाणी कुठून गळतं ते शोधण्यात घालवली होती. सवय अशी अंगात मुरलेली, की कॅम्पात कुणी थर्मास आणो, डबा आणो, मेसमध्ये नवा कुकर येवो, उस्मानभाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय त्याला बारसं नाही.

"दाब चढवल्याबिगर कुणाला पास बोलू नको, पाटील," असं ते मला नेहमी सांगायचे. "पाइप असू दे नायतर जावई." ही थट्टा नव्हती. दोन्ही जावयांना त्यांनी लग्नाआधी होडीत घालून खाडीच्या तोंडापर्यंत नेलं होतं. धाकटा वाटेत ओकला. मी म्हटलं, मग नापास का नाही केलात? "ओकला, पण परत चला बोलला नाय. पास." उस्मानभाईंचे निकाल असे असत. चुकले तरी ठाम असत, आणि चुकतही बऱ्याचदा. मेसच्या नव्या कुकरला त्यांनी पास केलं होतं, त्याचं झाकण तिसऱ्या दिवशी छताला लागलं. त्यावर त्यांचं म्हणणं, झाकण आपल्या हद्दीत येत नाही.

हमीदाभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी पाहण्याआधी कितीतरी वर्षं ऐकत होतो. रोज संध्याकाळी कॅम्पाच्या पायरीवर बसून उस्मानभाई फोन स्पीकरवर लावायचे आणि गावातली विहीर, आंबे, नातवंडं असा सगळा कारभार आम्हा सर्वांच्या साक्षीने चालायचा. लग्न झाल्यापासून दोघं वर्षातला महिना-दीड महिनाच एकत्र. भाभींनी नवऱ्याकडे स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली होती. लग्नानंतर लगेच, घरातल्या कॅलेंडरवरचा बर्फाचा डोंगर बघून त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही जाता तिकडे ह्यो पडतो काय?" तेव्हा उस्मानभाई जुबैलला होते. "तिकडे आग पडते," म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

मग ते तबूकला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात कळलं, की इथून दोन-अडीच तासांवर जबल अल लौज, म्हणजे बदामाचा डोंगर, एखाददुसरा दिवस पांढरा होतो. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. "हमीदा, पडतो गं. हितं पडतो. तुला दाखवणार." पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलींच्या परीक्षा, मग बाळंतपणं. भाभींचं येणं दर वर्षी पुढे जात राहिलं. अख्खा कॅम्प गाड्या भरून डोंगरावर जाऊन फोटो काढून यायचा. उस्मानभाई एकदाही गेले नाहीत. आम्ही खूप ओढलं, तर म्हणाले, "बायकोला बोललोय दाखवणार म्हणून. आपण आधी बघून ठेवलेली चीज दाखवण्यात काय मजा? दोघांनी एकदमच बघायचा."

सुटाचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं ते फिनलंडहून पंप बसवायला आलेल्या एका इंजिनिअरने. त्याच्या फोनवर एक फोटो होता. बर्फावरून पळणाऱ्या मोटारीवर तो स्वार झालेला, अंगात नारिंगी-काळा, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध सूट. त्याने समजावलं, की बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. बसलं की बुडाखाली वितळतं आणि शिवणीतून आत शिरतं. स्वस्त सूट तासाभरात भिजतो आणि मग थंडीने माणूस काकडतो. म्हणून भारी सुटाच्या प्रत्येक शिवणीला आतून पट्टी चिकटवलेली असते. बस्स. जन्मभर सांधे तपासलेल्या माणसाला कुणीतरी सांगितलं, की जगात असा एक कपडा आहे ज्याचा प्रत्येक सांधा बंद केलेला आहे. त्यांनी त्याच्याच ओळखीने तसा सूट मागवला. पगारापेक्षा किंमत जास्त होती. पार्सल आलं ते ऐन जुलैत, कूलर बंद पडून सगळे बनियनवर बसले असताना.

आणि अर्थात, सुटाची टेस्ट झाली. उस्मानभाई तो सूट चढवून, गळ्यापर्यंत चेन ओढून अंगणात उभे राहिले आणि पाण्याच्या टँकरवाल्याला म्हणाले, "यल्ला, सोड." टँकरचा जाड पाइप अंगावर. बाहेर भाजणारं ऊन. अर्धा कॅम्प जमलेला. बराच वेळ ते गोल गोल फिरत राहिले, हात वर केले, वाकले, खालीही बसले. मग चेन उघडली, तर आतला बनियन पिळून काढण्याइतका ओला.

"लीक है, उस्मानभाई!" आमचा बिहारी इलेक्ट्रिशियन आनंदाने ओरडला. "पूरा पैसा पानी में!"

उस्मानभाईंनी शांतपणे बनियनला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं. "खारट हाय," त्यांनी जाहीर केलं. "टँकरका पानी मीठा है. ये मेरा पसीना है. सूट पास." आणि पाणी आत गेलं नाही तसा घामही बाहेर आला नाही, हाच त्यांना आणखी एक पुरावा वाटला.

मला हे पटणं शक्यच नव्हतं. मी कोल्हापूरकडचा, कपडा फाटेपर्यंत घालायचा आणि फाटल्यावर त्याने फरशी पुसायची या वळणातला. माझं जॅकेट तबूकच्या बाजारातल्या ढिगातून उचललेलं होतं. मी म्हटलं, "उस्मानभाई, वर्षातून एक दिवस पडणाऱ्या बर्फासाठी एवढे पैसे? हत्तीपेक्षा अंबारी जड झाली ही." ते म्हणाले, "लग्नातली शेरवानी किती वेळा घातलास? तेव्हा नाय बोललास महाग म्हणून." भाभी मात्र माझ्या बाजूच्या. फोनवरून रोज एक बाण यायचा. "त्या पैशात पडवीला लाद्या बसल्या असत्या." उस्मानभाई म्हणायचे, "लादी पायाखाली जाते." पलीकडून उत्तर तयार, "आणि सूट कपाटात जातो." आम्ही पायरीवर हसून लोळायचो.

मग शेवटचा हिवाळा आला. आमचं काम संपत आलं होतं, उस्मानभाईंचं वयही झालं होतं, कंपनीने त्यांचा फायनल एक्झिट काढला. म्हणजे सौदीतून कायमचं जाणं. त्यांनी धावपळ करून भाभींना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं आणि शहरात एक खोली भाड्याने घेतली. भाभी आल्या. ठेंगण्या, चटपटीत, आणि फोनवर होत्या त्याहून निम्म्या आवाजाच्या. आल्या दिवशी त्यांनी मला घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊ घातली.

जानेवारी सरत आला तरी बर्फाचा पत्ता नव्हता. एकदा कुणीतरी आवई उठवली म्हणून आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो, तर नुसता गार पाऊस. भाभी काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "ह्यो तर आमच्याकडचाच. एवढा लांब यायला नको हुता." परतीच्या वाटेवर मला पहिल्यांदा त्यांची दया आली. दोघांच्या तिकिटांना आठवडा उरला होता.

आणि शेवटी बर्फ पडला तो नेमका उस्मानभाईंच्या शेवटच्या टेस्टच्या दिवशी. सकाळीच सगळ्यांच्या फोनवर पांढरा डोंगर झळकायला लागला. उस्मानभाई वाळूत खुर्ची टाकून दाबाच्या गेजसमोर बसले होते. लाइनवर दाब असताना फोरमनने जागा सोडायची नाही, हा त्यांचाच नियम. मी फोन पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. "दाखवू नको. हमीदाच्या आधी बघितल्यासारखा होईल." काट्यावरची नजर त्यांनी काढली नाही, पण पाय सारखा हलत होता. दुपारी इन्स्पेक्टरची सही झाली. एरवी सही झाली की ते टोळीला चहा पाजायचे. त्या दिवशी ते माझ्या पिकअपकडे धावत सुटले.

भाभींना घेतलं. उस्मानभाई सूट घालूनच गाडीत बसले, वर हीटर चालू. डोंगराच्या अलीकडे पोलिसांची चौकी. वर गाड्या घसरताहेत, रस्ता बंद. आमच्या पुढच्या दोन गाड्या परत फिरवल्या. तरुण पोलिसाने काचेतून आत पाहिलं आणि नारिंगी सुटातल्या, घामाने निथळणाऱ्या उस्मानभाईंवर त्याची नजर खिळली. त्याने अरबीत विचारलं, हे काय आहे?

उस्मानभाईंचं अरबी म्हणजे पाइप, पाणी आणि पगार एवढंच. पण ते खाली उतरले. "हादा मदाम," त्यांनी भाभींकडे बोट दाखवलं. "अना वाइद साल सौदी. मदाम थल्ज माफी शूफ. बुक्रा खलास, इंडिया." म्हणजे ही माझी बायको, मी इथे खूप वर्षं, हिने बर्फ पाहिलेला नाही, आणि आता आमचं इथलं संपलं. यात 'साल' अरबी नव्हतं आणि 'बुक्रा'ही खरं नव्हतं, उद्या नाही, चार दिवसांनी जायचं होतं. पण पोलिसाला सगळं कळलं. त्याने सुटाची बाही चिमटीत धरली, आतली शिवण बघितली, किंमत विचारली. ती ऐकून त्याने आपल्या साहेबाला हाक मारली. साहेबाने पण बाही बघितली. "मजनून," साहेब हसत म्हणाला, वेडा आहेस. मग त्याने भाभींकडे पाहून हात छातीवर ठेवला आणि बचावपथकाच्या जीपमागून हळूहळू यायला सांगितलं.

वर सगळं पांढरं होतं. उस्मानभाईंनी भाभींचा हात धरला आणि दोघांनी एकदमच पाय टाकला. भाभी दोन स्वेटर आणि शाल घेऊन आल्या होत्या, पण वारा असा की काही क्षणांत त्यांचे दात वाजायला लागले. "बघितला. झाला. चला आता," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांचं सगळं एका वाक्यात आटोपतंय की काय, असं मला वाटलं.

उस्मानभाईंनी तिथेच चेन ओढली, सूट उतरवला आणि भाभी नको नको म्हणत असताना त्यांना त्यात कोंबलं. बाह्या चार वेळा दुमडाव्या लागल्या. आता उस्मानभाई नुसत्या स्वेटरवर. शेजारी शेकोटी करून बसलेल्या एका सौदी म्हाताऱ्याने न विचारता आपला मेंढीच्या कातड्याचा लांब फरवा काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. भाभी थोडं चालल्या, घसरल्या, मटकन बसल्या, आणि बसल्या जागेवरून तशाच उतारावर खाली गेल्या. मी घाबरून धावलो. खालून हसण्याचा आवाज आला. त्या चढून वर आल्या आणि परत बसल्या.

मग त्यांना थांबवणं कुणाला जमेना. सौदी पोरं त्यांच्यामागे ओळीत बसून घसरायला लागली. कितीतरी वेळ हे चालू होतं. माझं ढिगातलं जॅकेट तोवर दोन्ही खांद्यांवर झिरपलं होतं आणि मी कुडकुडत होतो. उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते भाभींकडे बघत उभे होते आणि रडत होते, उघडपणे, दाढीवरून पाणी वाहू देत. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

भाभी दमून आल्या, तेव्हा उस्मानभाईंनी सुटाच्या गळ्यातून हात आत घालून स्वेटर चाचपला. "हाय काय कुठे ओला?" भाभी म्हणाल्या, "गप बसा. अजून एकदा जाऊन येतंय."

चार दिवसांनी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. आखातातून कायमचं परतणारा माणूस गावाला रिकाम्या हाताने जात नाही. भावकीला ब्लँकेटं, शेजाऱ्यांना अत्तर, मशिदीच्या मौलवींना खजूर. बॅगा वजनात बसेनात. काउंटरवरच्या माणसाने मान हलवली. उस्मानभाईंनी बॅग उघडली आणि सरळ सूट बाहेर ओढला. "पाटील, ह्यो तू ठेव. वजन ह्याचाच हाय. गावात काय कामाचा?"

भाभींनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. एक एक करून ब्लँकेटं बाहेर काढली आणि माझ्या ट्रॉलीवर ठेवली. उस्मानभाई हळूच म्हणाले, "अगं, भावकीला काय सांगू? लोक काय बोलतील?"

"बोलू देत," सुटाची घडी घालत भाभी म्हणाल्या. "जलमभर बॅगा भरभरून आणलात. ह्याला ब्लँकेट, त्याला घड्याळ, तिला कापड. मी सगळ्यांना वाटत बसले. ह्या खेपेला बॅगेत माझा काय ता जाऊ दे."

उस्मानभाई खाली बसले, सूट नीट चपटा करून बॅगेच्या मधोमध ठेवला आणि चेन लावली.