पितळेची पानं

"श्वास सोड. मान सैल कर. आता सांग, टोचतंय कुठे?"

काकूंच्या घरी गेलं की चहाच्या आधी हा प्रश्न यायचा, कारण आपण चपला काढेपर्यंत त्यांनी आपल्या गळ्यात काहीतरी अडकवलेलं असायचं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर. काकू कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. तुम्ही त्यांना दागिने करणारी बाई म्हणाला असतात, तर पाणीही न विचारता परत पाठवलं असतं तुम्हाला. "दागिना मिरवायचा असतो. हे शिल्प आहे, फक्त ते माणसावर उभं राहतं," असं त्या ठणकावून सांगायच्या.

तांब्याची तार आणि पितळेचा पत्रा यांच्यामुळे त्यांच्या टेबलावर जेवायला जागा नसे. लाट किनाऱ्यावर कशी मोडते, ते त्यांनी एकदा तारेत घडवून खांद्यावर बसवलं होतं आणि ते घालून त्या बाजारात गेल्या होत्या. कोळीणबाईंनी कोयता खाली ठेवला.

"ओ काकू, ह्यो हार हाय का मासली धरायचं जालं?"

काकू इतक्या खूश झाल्या, की भाव न करता पापलेट घेऊन आल्या.

त्यांचा नियम एकच आणि कडक होता. प्रत्येक वस्तू आधी कागदाची करायची. ज्याच्यासाठी आहे त्याने ती दिवसभर अंगावर वागवायची, त्यातच स्वयंपाक, जिना, भांडण सगळं करायचं. मगच धातूला हात. "बसलेलं माणूस खोटं असतं," त्या म्हणायच्या.

काका वृत्तात कविता करायचे. सत्यनारायण असो की पाण्याच्या टाकीची मीटिंग, काकांचा हात खिशाकडे गेला की मंडळी चपला शोधायला लागायची. मग त्यांना घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागलं, आवाज गेला, आणि श्वास घ्यायला गळ्यावर एक भोक राहिलं. डॉक्टरांनी त्यावर बांधायला पातळ कापडाचा पट्टा दिला होता. पण काकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. बेल वाजली की ते आतल्या खोलीत जायचे. बोलणं पाटीवर लिहून, तेही फक्त काकूंशी.

काकू आमच्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "तो जिवंत आहे गं, पण कुणाला दिसत नाही. मला तो माणसांत हवाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या कामाला लागल्या. काकांच्या आवडत्या भुजंगप्रयातात एक लघू आणि दोन गुरू पुन्हा पुन्हा येतात. तशीच त्यांनी एक आखूड, दोन लांब अशी पितळेची पानं कापली, पापुद्र्यासारखी पातळ. पट्ट्याच्या जागी तारेच्या कमानीवर ती गळ्यासमोर लटकायची. काकांनी श्वास सोडला की पानं हलायची आणि बारीक किणकिणायची. वृत्त गळ्यात आणि चाल श्वासाची. खरं सांगते, मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

काकांनी ते घालून आरशात पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "संक्रांतीला खाली येतो." काकू हरखल्या. संक्रांत दोन दिवसांवर होती. हा माणूस मन बदलेल या धास्तीने त्यांनी कागदाची पायरी गाळली. जन्मात पहिल्यांदा.

संक्रांतीच्या संध्याकाळी तिळगुळाच्या कार्यक्रमाला लिफ्ट बंद होती. काका चार जिने उतरून धापा टाकत आले आणि पानांची किणकिण ऐकवायला माईकसमोर उभे राहिले. पानं जोरात वाजू लागली. त्यांनी हात वर केले, चेहरा लाल झाला, डोळे भरून आले. आम्हाला वाटलं, गहिवरले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

एक लांब पान आत ओढलं जाऊन भोकावर चिकटलं होतं. ओरडायला त्यांच्याकडे आवाज नव्हता.

काकूंना कळलं. त्यांनी धावत जाऊन कमान ओरबाडून काढली. काका वाचले, पण जे कुणाला दिसू नये म्हणून ते घरात बसले होते, ते लहान पोरांसकट सगळ्यांनी पाहिलं. एक मूल घाबरून रडलंही.

त्यानंतर काकांनी पाटीही पालथी करून ठेवली. काकूंनी पत्रा, तार सगळं भंगारवाल्याला दिलं. "कागदाचं केलं नाही गं मी," एवढंच म्हणायच्या, भाजी निवडताना, कधी मध्येच जिन्यात. मी समजूत काढायची. ती त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. त्यांचं जेवायचं टेबल आता रिकामं असायचं आणि मला ते बघवत नसे.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या दारावर धपाधप थापा पडल्या. बेल नाही, हाक नाही. उघडलं तर काका. गळ्याला पट्टा नव्हता, भोकातून श्वासाची शिट्टी येत होती, आणि मी काही विचारायच्या आत ते पुढच्या दारावर थापा मारत होते, मग त्याच्या पुढच्या. काकू घरात ओट्याशी कोसळल्या होत्या.

मजल्यावरची, खालची, सगळी माणसं जमली. अँब्युलन्स आली. काका उघड्या गळ्याने त्या गर्दीतून वाट काढत फाटकापर्यंत गेले. कुणीतरी रुमाल पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. काकूंनी एवढंच तर मागितलं होतं. आणि त्या स्ट्रेचरवर डोळे मिटून पडल्या होत्या.