उतारावर पायी चालणारा ड्रायव्हर

गजाभाऊ शिगवण गेल्याची बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. केळशीच्या अलीकडच्या उतारावर, ढासळलेल्या कठड्याखालच्या करवंदीच्या जाळीतून त्यांना वर काढणाऱ्या चौघांत मी एक होतो. पण ते कसे गेले, ही बातमी मात्र मला तिसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळली. 'भरधाव सायकलवरील ताबा सुटून वृद्धाचा मृत्यू'! भरधाव? गजाभाऊ? ज्या माणसानं तीस वर्षं दापोली डेपोची लाल गाडी या घाटांतून चालवली आणि कुणाच्या मांडीवरचं अंडंसुद्धा फुटू दिलं नाही, तो भरधाव? मी तो पेपर चुरगाळून फेकला. मग परत उचलला, सरळ केला आणि खालची ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं की ही माहिती सोबतच्या मित्रानं पोलिसांना दिली. सोबतचा मित्र म्हणजे मी.

आता हे कसं झालं ते सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी माझी थोडी अब्रू घालवावी लागेल. त्याची मला सवय आहे. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात मी गिअरची सायकल घेतली. सोबत हेल्मेट, काळा चष्मा आणि बुडाला गादी लावलेली ती घट्ट चड्डी. पहिल्या दिवशी ती चड्डी मी उलटी घालून आसूदपर्यंत गेलो आणि गादी पुढच्या बाजूला का, याचा विचार करत राहिलो. तिथल्या चढावर चुकीचा गिअर टाकला, चेन उतरली आणि मी एका सुपारीच्या बागेच्या दगडी गडग्याला मिठी मारून उभा राहिलो. मागून घंटी वाजली. टिंग टिंग. कंडक्टर गाडी सोडताना देतो तशी, बरोबर दोनदा.

"काय रे, स्टॉप आहे काय इथं?" गजाभाऊ म्हणाले.

त्यांची सायकलही गिअरचीच, पण पुतण्यानं वापरून टाकलेली. तिला त्यांनी मागे कॅरिअर, पुढे पितळी घंटी लावून घेतली होती. अंगात बाह्या दुमडलेला शर्ट, आणि उजव्या पायाच्या घोट्यावर, पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून, ट्यूबचा कापलेला काळा रबर. त्या दिवशी त्यांनी माझी चेन बसवली, चड्डीकडे एकदा बघितलं, आणि फक्त एवढंच म्हणाले, "घरी गेलास की सरळ कर." त्यानंतर चार वर्षं आम्ही बरोबर फिरलो. मुरूड, कर्दे, हर्णैच्या मासळीच्या लिलावावरून आंजर्ल्याचा पूल, पुढे केळशी. एकदा हट्टानं खेडला उतरलो आणि परतीच्या चढावर माझी सायकल आणि मी दोघेही टेम्पोत बसून आलो. गजाभाऊ मागून पेडल मारत आले. डेपोसमोर मला गाठून म्हणाले, "तिकीट दाखव."

त्यांना सगळे रस्ते पाठ होते, पण नकाशासारखे नव्हेत, अंगाला पाठ होते. कुठल्या वळणावर जांभ्याची धूळ टायरखाली सरकते, कुठे सकाळी म्हशी बसलेल्या असतात, कुठल्या चढाच्या मध्यावर श्वास घ्यायला दहा पावलं सपाट मिळतात. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी घंटी. समोर कुणी नसलं तरी. आणि तीव्र उतार आला की घाटमाथ्यावर थांबायचं, घोट्याचा रबर काढून मनगटावर चढवायचा, आणि सायकल हातात धरून पायी उतरायचं. मी चेष्टा करायचो, "गजाभाऊ, चढताना लोक ढकलतात, तुम्ही उतरताना ढकलता!"

"मधू, गाडी मी उतारावर इंजिनानं धरायचो. ब्रेक नंतर. हिला इंजिन कुठाय? म्हणजे तुला धरणारं कुणी नाही. मग उतरून चाल की!"

मी चालायचो नाही. मी वारा पीत खाली सुटायचो आणि पायथ्याच्या टपरीवर चहा सांगून त्यांची वाट बघायचो. त्या सकाळीही मी तेच केलं. माथ्यावर ते रबर काढायला वाकले होते, तेवढं मी बघितलं. खाली एक कप झाला. खडीनं भरलेला एक डंपर टपरीसमोरून हॉर्न देत वर चढून गेला. दुसरा कप झाला... गजाभाऊ आले नाहीत. मग मी वर चालत गेलो. त्या वळणावरचा जांभ्याचा कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी पडला होता, तो तसाच होता. डंपरला वाट द्यायला माणूस कडेला सरकला, तर तिथे सरकायला फक्त हवा होती. मी तो क्षण पाहिला नाही, म्हणून तो डंपर दोषी असं म्हणणार नाही. पण दवाखान्यात त्यांच्या हातावरची माती पुसताना मी बघितलं. रबर मनगटावर होता.

आणि हे बघूनही मी काय केलं? हवालदारांनी खबर लिहायला घेतली. "सायकलवरून येत होतात ना दोघे?" मी मान हलवली. सायकलवरूनच निघालो होतो की! "उतार होता?" होता. "मग ताबा सुटला असणार." माझा वाचायचा चष्मा त्या करवंदीत कुठेतरी पडला होता, आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली. तीस वर्षं कचेरीच्या खिडकीत बसून ज्यानं गावोगावच्या लोकांना 'अहो, वाचा आधी, मग सही करा' म्हणून पिडलं, त्यानं आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद न वाचता सही करून दिला. उलट्या चड्डीवर मी स्वतः हसू शकतो. यावर नाही येत हसू.

पुढचं तर ऐका. त्या कागदावरून पेपर, पेपरवरून सगळ्या गावाचे मोबाइल. 'या वयात कशाला हे धंदे', 'म्हाताऱ्याला मस्ती', असं त्यांच्याच गाडीतून शाळा-कॉलेजला गेलेले लोक लिहीत होते. शोकसभेत एका पुढाऱ्यानं, ज्याला त्यांचं आडनावही चिठ्ठीत बघावं लागलं, गंभीर चेहरा करून सांगितलं की वेगाची आवड गजाननरावांना महाग पडली. टाळ्या नाही पडल्या एवढंच. आणि गेल्या आठवड्यात त्या वळणावर मोठा थोरला फलक लागला. 'सायकलस्वारांनो, वेग आवरा. कै. गजानन शिगवण यांच्या स्मरणार्थ.' खाली देणाऱ्यांची नावं, त्यांच्या फोटोंसकट. कठडा? कठडा अजून पडलेलाच! दोन पावसाळे ज्यांना चार चिरे लावायला सवड झाली नाही, त्यांनी दोन दिवसांत फलक उभा केला. तोही कुठे, तर बरोबर त्या खिंडाराला टेकवून. म्हणजे खिंडार झाकलं आणि दोषही मेलेल्या माणसावर गेला. अहो, आख्ख्या तालुक्यात एकच माणूस तिथे वेग आवरायचा, आणि त्याच्याच नावानं तुम्ही बाकीच्यांना शिकवता?

मी पोलीस स्टेशनला गेलो. म्हटलं, माझा जबाब चुकीचा आहे, दुसरा घ्या. हवालदार माणूस वाईट नव्हता. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं.

"काका, तुम्ही पाहिलंत का त्यांना पडताना?"

"नाही. मी खाली होतो."

"आधी कसे पोहोचलात?"

"सायकल सोडून दिली होती उतारावर."

"म्हणजे वेगात तुम्ही होतात."

"होय. लिहा तसं. वेगात होतो तो मी. ते चालत होते."

त्यानं लिहिलं. या वेळी मी शब्द न् शब्द वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली, मग सही केली. पण त्यानं पेन खाली ठेवून सांगितलं, "रबर मनगटावर होता, एवढ्यावर साहेब ऐकायचे नाहीत काका. चालत उतरायचे याला काही लेखी आहे का?" लेखी! माणूस घाट चालत उतरतो याचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून गजाभाऊंच्या घरी, सुमनवहिनींकडे गेलो. तोंड दाखवायला जागा नव्हती, तरी गेलो. सगळं सांगितलं, ती सहीसुद्धा. त्या उठल्या आणि मला मागल्या पडवीत घेऊन गेल्या. चार वर्षं मी त्या घरी जातोय, पण पुढच्या ओट्यावर चहा पिऊन सुटलोय, मागे कधी गेलोच नव्हतो. सायकल ठेवायच्या जागेच्या वर, चुन्याच्या भिंतीवर, निळ्या रंगात, एसटी स्टँडवर असतं तसं वेळापत्रक रंगवलेलं होतं. त्यांच्या हातचं. मार्ग, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा. मुरूडपुढे 'आसूदला म्हशी'. हर्णैपुढे 'परतीला मासळी घेणे'. मी बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत आलो. केळशी. 'शेवटचा उतार पायी, वीस मिनिटे धरणे. तेवढ्यात मधूचा चहा होतो.'

मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. चार वर्षं मला वाटत होतं, मी त्यांची वाट बघतोय.

"हे चालेल काय पोलिसांना?" वहिनींनी विचारलं.

"चालायला पाहिजे. पण वहिनी, भिंत कशी नेणार?"

त्यांनी पदरानं त्या ओळीवरचं जळमट काढलं. "भिंत कशाला नेताय? त्यांना आणा इथं. साहेबांना आणा, हवालदाराला आणा, त्या फलकावर फोटो आहेत ना, त्या सगळ्यांना आणा. इथं उभे राहून मोठ्यानं वाचू देत."