आईच्या भोपळ्याला बोली लागली नाही

भावांनो, आज चाकणच्या आमच्या चर्चमध्ये आईच्या भोपळ्यावर लोक हसले आणि माझ्यासाठी सगळं बदललं.

कापणीच्या सणाला जो तो देवाला काहीतरी वाहतो, मग त्याचा लिलाव होतो. आमच्या मंडळीतल्या कंत्राटदारसाहेबांच्या केकला पाच हजार आले, टाळ्या पडल्या. आईने घराच्या पत्र्यावर वाढवलेला भोपळा पुढे आला, तर पास्टर म्हणाले, "हा राहू द्या, उशीर होतोय."

"कॉलेज सोडलेल्याच्या घरून अजून काय येणार?" कंत्राटदार माझ्याकडे बघत बोलले. त्यांची मुलगी रूथसुद्धा हसली. जिच्यासाठी मी एकही रविवार चुकवत नाही, ती.

ज्या गरीब विधवेची दोन नाणी येशूला श्रीमंतांच्या दानाहून मोठी वाटली, तिच्यावर गेल्या रविवारी तासभर प्रवचन ठोकलं होतं याच पास्टरांनी! यांचा देव बोली बघून आशीर्वाद देतो का, राव?

मी उठलो तशी आई म्हणाली, "बस रे, तमाशा नको." मी तिचा हात धरला, बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.