ताईनं टिपलेला कायदा

सभागृहात कुणी काय बोललं ते शब्दन् शब्द लघुलिपीत टिपून घ्यायचं, हे ताईचं काम. आमदार भांडोत, ओरडोत, एकमेकांचं कूळ काढोत, ताईची मान खाली आणि पेन्सिल चालू. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची नोकरी, असं ती स्वतःच हसत सांगायची. पण तिला त्या नोकरीचा अभिमान फार. वडील गेल्यावर याच नोकरीवर तिनं धाकट्या भावाला वाढवलं होतं आणि नदीकाठी त्याला लेथ मशीनचा छोटा कारखाना काढून दिला होता.

एके दिवशी त्या कारखान्यावर सरकारी नोटीस चिकटली. नदीकाठानं मोठा रस्ता होणार, जागा रिकामी करा. भाऊ घाबरून बहिणीकडे धावला.

"अरे, असं कुणी उठून कुणाला हाकलू शकत नाही," ताई म्हणाली. "कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे आणि तो तपासणारे वेगळे. एक चुकला तर दुसरा त्याचा कान धरतो. राज्यघटना कशासाठी आहे? तू कोर्टात जा."

भाऊ गेला. आणि कोर्टानं खरंच कान धरला. लोकांचं म्हणणं न ऐकता जागा घेता येणार नाही, म्हणून नोटीस रद्द केली. भावजयीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. "वन्सं, तुमच्यामुळे वाचलो," म्हणाली. ताईला दोन घास जास्तच गेले.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी विरोधक कुठल्याशा अपमानावरून रागारागानं उठून गेले होते. अर्धी बाकं रिकामी. उरलेल्यांपैकी कुणी जांभया देत होतं, कुणी घड्याळ बघत होतं. मंत्री उठले आणि एक विधेयक भराभर वाचू लागले. नदीकाठच्या सगळ्या जुन्या नोटिसा कायदेशीर समजाव्यात. त्याविरुद्ध कुठल्याही कोर्टात दाद मागता येणार नाही.

ताईच्या कानशिलात ठण्ण झालं. पण हात थांबला नाही. इतक्या वर्षांची सवय.

अध्यक्षांनी विचारलं, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

"होय."

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

कुणीच बोललं नाही. विधेयक संमत झालं. ताईनं तेही टिपलं.

राज्यपालांची सही झाली आणि लगोलग कारखान्यावर पाडापाडीची यंत्रं आली. भाऊ पुन्हा कोर्टात पळाला. न्यायाधीश म्हणाले, आता कायदाच बदललाय. तो घटनेत बसतो की नाही हे बघावं लागेल, सवडीनं. तारीख दिली. यंत्रांना तारीख लागत नव्हती. संध्याकाळपर्यंत पत्रे, भिंती, सगळं भुईसपाट.

भाऊ ताईच्या दारात आला, पण उंबरा ओलांडला नाही.

"तू होतीस ना तिथं?"

"होते."

"कोण काय बोललं?"

"कुणी काहीच नाही बोललं रे."

"आणि तू?"

"मला बोलता येत नाही तिथं. मी फक्त लिहिते."

"मग लिहायचं तरी होतंस, एक जण नाही म्हणाला म्हणून."

तो गेला. त्यानंतर त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं. लोकांच्या लेथवर रोजानं काम केलं, पुढे हात थरथरू लागला तेव्हा एका गोदामावर रखवालदार झाला.

पुष्कळ वर्षांनी निकाल लागला. कायदा घटनाबाह्य, म्हणून रद्द. ताई तेव्हा निवृत्त झाली होती. बातमी ऐकून तिला राहवलं नाही. ती तडक गोदामावर गेली. भाऊ फाटकाशी स्टुलावर बसला होता.

"जिंकलास रे तू," ती म्हणाली. "कोर्टानं कायदाच रद्द केला."

त्यानं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता, तेवढंही उरलं नव्हतं.

"बैल गेला आणि झोपा केला. मशीन कुठं मांडू, ताई? रस्त्याच्या मधोमध?"

इतक्या वर्षांनी तो ताई म्हणाला होता. तिला रडू आलं नाही. आत एक ट्रक यायचा होता, तो फाटक उघडायला उठला आणि ती बाजूला सरकून उभी राहिली.