मेंढ्यांचं तोंड बघणारे म्हस्कूआबा

कवठे येमाईचे म्हस्कूआबा तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. पुढं मेंढरं गेली, कांदा-बाजरी आली. पण चैत्रात बिरोबाच्या जत्रेला ढोल घुमला की धनगरी गजा नाचाच्या रिंगणात पहिलं पाऊल पडायचं ते आबांचंच. दोन हजार साल उलटल्यानंतरच्या एका पौषात मात्र कांद्याची ट्रॉली बांधावर कलंडली आणि वर बसलेले आबा नि शेजारचे मच्छिंद्र बरोबरच खाली आले. आबांचा डावा पाय मोडला, मच्छिंद्रांचा उजवा. शिरूरला एकाच डॉक्टरांनी दोघांना प्लॅस्टर घातलं. दोघांचे धड पाय मिळून एक जोडी झाली, असं गाव म्हणू लागलं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा मच्छिंद्रांची पोटरी उतरली होती, पण तिला पोटरी म्हणता येत होतं. आबांची म्हणजे शेवग्याची शेंग. व्यायाम दोघांना एकच सांगितलेला. मच्छिंद्र काठी टेकत पारापर्यंत जाऊ लागले, मग काठीही सुटली. आबा खाटेवरून उठले की गुडघा लटपटायचा.

"म्हस्कू, यंदा रिंगान माझ्याकडं दे," मच्छिंद्र बांधावरून म्हणायचे. "नाचता येत न्हाई, पर हुबा तरी ऱ्हाईन."

आबा हसून घ्यायचे. संध्याकाळी ढोलाची तालीम सुरू झाली की मात्र भिंतीकडं तोंड करून पडायचे.

आबांच्या बायकोला, गिताबाईंना कोडं पडलं. मटण, उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू, काही म्हणून कमी नव्हतं. ताटही रोज चाटूनपुसून परत यायचं. अंग धरलं होतं ते फक्त दारच्या भुऱ्या कुत्र्यानं. तो इतका सुटला होता की परक्या माणसावर बसूनच भुंकायचा. तेव्हा एका दुपारी बाई दाराआड उभ्या राहिल्या. आबांनी रस्सा भाकरीत कुस्करून ओरपला, मटणाचे तुकडे एकेक करून खाटेखाली सोडले आणि मग मिश्रीची डबी काढून हिरड्यांवर बराच वेळ बोट फिरवत बसले.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. खाटेवर टेकल्या, आबांचा जबडा धरला आणि बाजारात मेंढीचा उघडतात तसा उघडला. हिरड्या लालभडक सुजलेल्या, कडेनं रक्त, एक दात हलणारा.

"मेंढी घेताना तुमी आधी काय बघत हुता?"

"तोंड," आबा तसेच धरलेल्या जबड्यातून म्हणाले.

"आन् ते खराब आसलं तर?"

"न्हाई घ्यायची. कितीबी चारा, अंगी लागत न्हाई."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते आबांच्या ध्यानात आलं. मिश्रीनं ठणका थांबतो म्हणून दिवसभर लावत होतो, असं ते पुटपुटले.

शिरूरच्या दातांच्या डॉक्टर अनुपमाताईंनी सगळं ऐकून घेतलं. पडून राहिलेला पाय झिजतोच, त्या म्हणाल्या. हिरड्यांची जुनी सूज तोंडापुरती राहत नाही, रक्तावाटे अंगभर त्रास देते. झिजत्या स्नायूला तीही आणखी ओढत असावी. सगळा दोष तिचाच असं आपण म्हणणार नाही, कारण आबांचं जेवण कुत्र्यानंही खाल्लंय. पण हिरड्या बऱ्या झाल्या, मिश्री सुटली आणि घास चावता आला, तर पायाचं भलंच होईल. गिताबाई जोरजोरात मान हलवत होत्या. डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या काळ्या दातांकडं गेलं.

"मावशी, आता तुम्ही आ करा."

कित्येक दिवसांनी आबा पोट धरून हसले.

चार-दोन खेपा झाल्या, हलणारा दात गेला, दोघांच्याही मिश्रीच्या डब्या उकिरड्यावर गेल्या. सकाळी ओट्यावर नवरा-बायको शेजारी बसून ब्रश करू लागली. आबा आता मटणातली नळी फोडून खात आणि पायाला वाळूची पिशवी बांधून तो खालीवर करत. भुऱ्या रुसून मच्छिंद्रांच्या दारी जाऊन बसला. पोटरी हळूहळू भरू लागली.

जत्रेत पहिलं पाऊल आबांनीच टाकलं. उडी जमली नाही. ढोलवाल्यांनी न सांगता ताल सावकाश धरला. एक फेरी पुरी झाली तसे आबा घामेजून रिंगणाच्या कडेला आले आणि हातातला नाचाचा रुमाल त्यांनी मच्छिंद्रांच्या हातात कोंबला.

"घे. आता हुबा ऱ्हा."