आईचा आवाज पलीकडच्या मांडवात

गेल्या रविवारी अड्याळला आईच्या जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा होता. जायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं... पण आईला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं.

आई अड्याळलाच जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. आता आम्ही वरठीला राहतो. हिवाळ्यात तिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं आणि आवाजच बसला. हळूहळू परत येतोय, पण कुजबुजीइतकाच. घरात काही हवं असलं की ती ताटलीवर चमचा वाजवते.

मी नागपूरला इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. रोजची ट्रेन, घरी आल्यावर आईची औषधं, आणि त्यातून उरलेल्या वेळात पीएच.डी... शनिवारी माझा पेपर परीक्षकांकडून पुन्हा परत आला होता. रविवारी फक्त झोपायचं होतं मला.

विषय माझा कॉग्निटिव्ह रेडिओ. सोपं करून सांगायचं तर, मोबाईल, टीव्ही, वायरलेस माईक, सगळ्यांना हवेतल्या लहरींमध्ये आपापली जागा लागते. कॉग्निटिव्ह रेडिओ आधी ऐकतो, कुठली जागा रिकामी आहे ते बघतो, तिथे बोलतो. आणि जागेचा हक्कदार आला, की मुकाट्याने उठून दुसरीकडे जातो.

मेळावा शाळेजवळच्या मोकळ्या जागेत होता. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे कुणाच्या तरी लग्नाची हळद. ऊन मी म्हणत होतं. बायका मात्र नटूनथटून आल्या होत्या, कुणी पुण्याहून, कुणी रायपूरहून.

आई आठवडाभर गरम पाणी पिऊन घरात थोडीशीच वाक्यं घोकत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चारचौघांत बोलणार होती. छायाने, म्हणजे मेळावा भरवणाऱ्या तिच्या विद्यार्थिनीने, तिच्या हातात कॉर्डलेस माईक दिला.

"पोरींनो, माझा आवाज गेला होता..." आई एवढंच म्हणाली. आणि आमच्या स्पीकरमधून एकदम हळदीचं गाणं सुरू झालं. मोठ्ठ्याने, टाळ्यांसकट.

सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा गाणंच. मग तिने माईक माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसली. मला ओठांनीच म्हणाली, "घरी जाऊ."

मला कळलं होतं काय झालंय ते. दोन्हीकडचे माईक एकाच डेकोरेशनवाल्याचे, एकाच फ्रिक्वेन्सीवरचे. त्यात आमचा रिसीव्हर नेमका भिंतीला टेकवलेला. तो हलवून पाहिला, काही फरक पडला नाही. साधे सेट, चॅनल बदलायची सोयच नाही... आणि वायरचा माईक कुणी आणलाच नव्हता.

एवढी वर्षं याच विषयात घालवली, आणि आईसाठी करता काय येत होतं? भिंतीला वळसा घालून भांडायला जाणं, बस्स.

माईक छायाकडे देऊन मी पलीकडच्या मांडवात गेले. नवरदेव पाटावर, तोंडभर हळद. पोरी गात होत्या. मी काही बोलायच्या आत त्याची आत्या पुढे आली, हात कोपरापर्यंत पिवळे.

"आमचा माईक आणि तुमचा..." मी सुरुवात केली.

"अवो, त्या बाई तुमच्या आई होय का? आमच्या बॉक्समधूनबी आवाज आला ना त्याइचा. 'आवाज गेला होता' एवढंच ऐकू आलं, अन् आमच्या पोरीइनं गाणं धरलं. मंग पुढं काय म्हणल्या त्या?"

"पुढे काही नाही. खाली बसली ती."

"काहून? आम्ही थांबतो ना! बोला म्हणा त्याइले."

तिने पोरींच्या हातातला माईक घेतला, बटण बंद केलं आणि नुसत्या तोंडाने ओरडली, "ए पोरीहो, चूप बसा जराशा! तिकडे बाई बोलून रायल्या."

मी तिथूनच छायाला फोन केला, माईक आईला परत दे म्हणून. मग वाट बघत उभी राहिले... स्पीकर नुसता खरखरत होता. मला वाटलं, आता काही आई बोलत नाही.

"पोरींनो... आवाज आता एवढाच राहिला. तुमच्यावर ओरडता यायचं नाही." भिंतीपलीकडे हशा झाला. "हजेरी घेऊ का?"

आणि तिने आठवतील तशी नावं घ्यायला सुरुवात केली. तिची कुजबुज मला या मांडवातल्या स्पीकरमधून ऐकू येत होती, आणि "हजर बाई" भिंतीवरून. एका नावाला उत्तर आलं नाही. आई "बरं," म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

नवरदेवाच्या तोंडावरची हळद वाळून गेली. आत्या हळूच म्हणाली, "मी शाळेत गेलीच नाही. पण बाईनं माह्यं नाव घेतलं असतं, तर म्याबी म्हटलं असतं, हजर."

आईचं आटोपल्यावर पोरींनी गाणं पुन्हा सुरू केलं. पण माईक बंदच ठेवला... न जाणो, बाईंना आणखी काही सांगायचं असेल.

परतताना आई गाडीत गाढ झोपली. मी जागीच. परीक्षकांना उत्तरं लिहायची होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रेन होती, थकवा तर होताच.

त्या गडबडीत आत्याबाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. अड्याळकडचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना एवढं सांगा... आईचं बोलणं पूर्ण झालं. तुमच्यामुळे.